पेप्टाइड चार्जवर वेगळे करताना: पहिल्यांदाच कॅटायन एक्स्चेंज लावणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीत बोअरच्या पाण्यासाठी सॉफ्टनर बसवलाय. पार्किंगच्या कोपऱ्यात एक उभी टाकी आणि शेजारी मिठाच्या पाण्याचा पिंप. वॉचमन काका अधूनमधून त्यात मिठाची गोणी रिकामी करतात. ही टाकी म्हणजे आपण लॅबमध्ये वापरतो तो कॅटायन एक्स्चेंज कॉलमच आहे, हे एमएस्सी होऊन वर्ष उलटलं तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. टाकीतल्या रेझिनच्या दाण्यांवर सल्फोनेटचे ऋण गट असतात आणि त्यांना सोडियम चिकटलेला असतो. जड पाण्यातला कॅल्शियम दोन धन चार्ज घेऊन येतो आणि सोडियमला उठवून त्याच्या जागी बसतो. रेझिन भरलं की घट्ट मिठाचं पाणी सोडायचं. मग सोडियमची एवढी गर्दी होते की कॅल्शियमलाही जागा सोडावी लागते.

पेप्टाइडचंही, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याचंही, तसंच. ज्याच्यावर धन चार्ज जास्त तो घट्ट बसतो, आणि मीठ वाढवत नेलं की सैल बसलेले आधी सुटतात, घट्ट बसलेले नंतर. एवढं तत्त्व लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे पीएच, नमुन्यात राहून गेलेलं मीठ आणि धांदल. मी पहिले तीन महिने तिथेच घालवले.

हा लेख ट्रिप्सिन या एन्झाइमने तोडलेल्या प्रथिनाच्या पेप्टाइडांबद्दल आहे. सरावासाठी बीएसए घ्या, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन. स्वस्त आहे, जवळपास प्रत्येक लॅबच्या फ्रीजमध्ये असतं, आणि त्याचे पेप्टाइड इतके ओळखीचे आहेत की चूक झाली तर ती कुठे झाली ते कळतं. स्वतःचा मौल्यवान नमुना पहिल्या दिवशी कॉलमवर घालू नका.

१. मशीन चालू करण्याआधी वही उघडा

पेप्टाइडवरचा चार्ज पेन्सिलने मोजता येतो. पीएच ३ च्या खाली हिशेब अगदी सोपा आहे. एन-टोकाचा, म्हणजे सुरुवातीच्या टोकाचा, अमिनो गट अधिक एक. प्रत्येक लायसिन, आर्जिनिन आणि हिस्टिडिन अधिक एक. अॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांचे कार्बोक्सिल गट या पीएचला बहुतांश हायड्रोजन धरून बसलेले असतात, म्हणून त्यांचा चार्ज शून्य धरायचा. सी-टोकाचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, कार्बोक्सिल थोडासा आयनित असतो, पण ढोबळ हिशेबात तोही सोडून द्या.

ट्रिप्सिन लायसिन किंवा आर्जिनिनच्या पुढे कापतो. त्यामुळे नीट कापलेल्या साध्या पेप्टाइडवर एन-टोकाचा एक आणि शेवटच्या अक्षराचा एक, असा अधिक दोन चार्ज येतो. आता बीएसएचे काही खरे पेप्टाइड घेऊ. एकेका अक्षराच्या नावाने लिहिते: के म्हणजे लायसिन, आर आर्जिनिन, एच हिस्टिडिन, डी अॅस्पार्टिक, ई ग्लुटामिक.

एल-व्ही-एन-ई-एल-टी-ई-एफ-ए-के: हिस्टिडिन नाही, मध्ये लायसिन नाही. अधिक दोन.

एच-एल-व्ही-डी-ई-पी-क्यू-एन-एल-आय-के: सुरुवातीलाच हिस्टिडिन. अधिक तीन.

के-व्ही-पी-क्यू-व्ही-एस-टी-पी-टी-एल-व्ही-ई-व्ही-एस-आर: पहिल्या लायसिननंतर ट्रिप्सिनने कापलंच नाही. अधिक तीन. हाच पेप्टाइड पहिल्या लायसिनशिवायही मिळतो, तेव्हा तो अधिक दोन.

आर-एच-पी-ई-वाय-ए-व्ही-एस-व्ही-एल-एल-आर: एन-टोक, दोन आर्जिनिन, एक हिस्टिडिन. अधिक चार. हा सगळ्यात शेवटी उठणाऱ्यांपैकी.

एल-व्ही-व्ही-एस-टी-क्यू-टी-ए-एल-ए: बीएसएचं शेपूट. शेवटी लायसिनही नाही, आर्जिनिनही नाही. फक्त अधिक एक, म्हणून हा सुरुवातीलाच निघून जातो.

हेच पेप्टाइड पीएच ७ ला मोजून पाहा, म्हणजे आम्लात काम का करतात ते कळेल. तिथे ग्लुटामिक आणि अॅस्पार्टिक उणे एक होतात, सी-टोक उणे एक होतं आणि हिस्टिडिन जवळजवळ गप्प बसतो. पहिल्या पेप्टाइडात अधिक दोन, उणे तीन, म्हणजे एकूण उणे एक. दुसराही साधारण उणे एकच. असे पेप्टाइड कॅटायन एक्स्चेंजरवर बसणारच नाहीत. वरच्या पाचांपैकी स्पष्टपणे धन राहतील ते दोनच, अधिक चारवाला आणि लायसिनने सुरू होणारा, आणि तेही फक्त अधिक एकच्या आसपास. 'पीएच जरा इकडे-तिकडे झाला तर काय बिघडतं' असं कुणी म्हणालं तर त्याला हा हिशेब करून दाखवा.

शाळेतल्या पुस्तकात याला 'प्रभार' म्हणतात, लॅबमध्ये सगळे 'चार्ज'च म्हणतात. मीही तेच वापरते.

२. कोणता एक्स्चेंजर? नावांच्या घोळात पडू नका

कॅटायन एक्स्चेंजर स्वतः ऋण असतो आणि धन चार्जवाल्यांना धरतो. अॅनायन एक्स्चेंजर स्वतः धन असतो आणि ऋण चार्जवाल्यांना धरतो. मुलाखतीत हा प्रश्न विचारतात आणि हमखास उलटं उत्तर येतं. नाव पाहुण्याचं असतं, घराचं नाही.

दुसरा घोळ 'स्ट्राँग' आणि 'वीक' या शब्दांचा. स्ट्राँग म्हणजे घट्ट धरणारा नव्हे. ज्याचा चार्ज वापरायच्या पीएचच्या पूर्ण पट्ट्यात तसाच राहतो तो स्ट्राँग. सल्फोनेट गट पीएच ३ लाही ऋणच असतो, म्हणून तो स्ट्राँग कॅटायन एक्स्चेंजर. कार्बोक्सिमिथाइल गट पीएच ३ ला स्वतःच हायड्रोजन घेऊन उदासीन होतो, म्हणून वीक. म्हणजे आपल्या आम्लातल्या कामाला कार्बोक्सिमिथाइलवाला निरुपयोगी. अॅनायनच्या बाजूला क्वाटर्नरी अमाइन म्हणजे 'क्यू' स्ट्राँग आणि डीईएई वीक. पेप्टाइडांसाठी अॅनायन एक्स्चेंजही करतात, पण नवख्याने आधी कॅटायनवर हात बसवावा, कारण ट्रिप्सिनचे पेप्टाइड आम्लात जवळजवळ सगळेच धन असतात.

कॉलम घेताना तो पेप्टाइडांसाठी बनवलेला सल्फोनेटचा आहे ना ते बघा: ५ मायक्रॉनचे कण आणि २०० ते ३०० अँग्स्ट्रॉमची छिद्रं. प्रथिनांसाठीचे अॅगरोजचे मोठे मणी पेप्टाइडांना चालतात, पण पीक (ग्राफवरचे उंचवटे) रुंद येतात. सिलिकाचा कॉलम असेल तर कॉस्टिक सोड्याने धुण्याचा विचारसुद्धा नको, सिलिका विरघळते. अॅगरोजवाल्याला तो चालतो. दोन्ही कॉलम एकाच खणात ठेवत असाल तर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा.

३. सामान

सुरुवातीलाच हे सगळं टेबलावर आणून ठेवा. मध्येच शोधाशोध झाली की कॉलमवर बफर तसाच उभा राहतो.

रसायनं: पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, पोटॅशियम क्लोराइड, फॉस्फोरिक आम्ल, एचपीएलसी ग्रेडचं अॅसिटोनायट्राइल, मिली-क्यूसारखं शुद्ध पाणी, फॉर्मिक आम्ल किंवा टीएफए (ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल).

उपकरणं: एचपीएलसी किंवा एफपीएलसी (कॉलममधून पंपाने द्रावण सोडणारी यंत्रं), २१४ नॅनोमीटरवर चालणारा यूव्ही डिटेक्टर, जमल्यास कंडक्टिव्हिटी मीटर, बाहेर पडणाऱ्या द्रावणाचे वाटे (फ्रॅक्शन) गोळा करणारा फ्रॅक्शन कलेक्टर (नसेल तर घड्याळ आणि संयम), व्हॅक्यूम कॉन्सन्ट्रेटर, सेंट्रिफ्यूज.

किरकोळ पण ज्यावाचून अडतं असं: सी-१८ चे डीसॉल्टिंग (मीठ काढण्याचे) कार्ट्रिज किंवा टिप्स, बारीक पट्ट्यांचा पीएच पेपर, नायलॉनचे ०.२२ मायक्रॉन फिल्टर, न चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या ट्यूबा, पुसली न जाणारी मार्कर पेन.

कागद: कॉलमसोबत आलेलं माहितीपत्रक. त्यात कमाल दाब, चालणारा पीएच आणि ठेवण्याचं द्रावण लिहिलेलं असतं. आमच्याकडे ते खोक्यासकट रद्दीत गेलं होतं.

अॅसिटोनायट्राइल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. फ्यूम हूडमध्ये मोजा, हातमोजे घाला, उरलेलं बेसिनमध्ये न ओतता सॉल्व्हंटच्या कॅनमध्ये जमा करा.

४. बफर: इथे घाई केली की पुढचा दिवस वाया

बफर ए (एक लिटर): १.३६ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट साधारण ७०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. फॉस्फोरिक आम्लाने पीएच २.७ वर आणा. पाण्याने ७५० मिलिलिटर करा आणि मग २५० मिलिलिटर अॅसिटोनायट्राइल घाला. हे झालं १० मिलिमोलर फॉस्फेट आणि २५ टक्के अॅसिटोनायट्राइल.

बफर बी: सगळं तसंच, फक्त सुरुवातीला ३७.३ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घाला. हे ५०० मिलिमोलर होतं. मीठ घातल्यावर पीएच थोडा सरकतो, म्हणून मीठ आधी, पीएच नंतर.

पीएच नेहमी अॅसिटोनायट्राइल घालण्याआधीच लावायचा. सेंद्रिय द्रावक मिसळल्यावर मीटर जो आकडा दाखवतो तो पाण्यातल्या पीएचशी जुळत नाही, आणि इलेक्ट्रोडचंही नुकसान होतं. अॅसिटोनायट्राइल पाण्यात मिसळताना द्रावण थंडगार होतं, बाटलीला हात लावला तर दचकाल. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग गाळा आणि डीगॅस करा (विरघळलेली हवा काढा).

गाळताना फिल्टर नायलॉनचाच घ्या. पहिल्या वेळी मी सेल्युलोज नायट्रेटचा लावला. अॅसिटोनायट्राइलने तो मऊ पडला, सुरकुतला आणि त्याचा काही भाग माझ्या बफरमध्ये उतरला. मला वाटलं बफर धुरकट दिसतोय तो थंडीमुळे.

अॅसिटोनायट्राइल का घालायचं, हा प्रश्न पडायला हवा. पेप्टाइड काही नुसत्या चार्जनेच चिकटत नाही. त्याचे पाण्याला भिणारे भाग कॉलमच्या पृष्ठभागाला तेलकट डागासारखे धरून राहतात. मग जो पेप्टाइड चार्जनुसार आधी निघायला हवा तो उशिरा, पसरट पीकमध्ये निघतो. २५ टक्के अॅसिटोनायट्राइल ही चिकटाचिकटी बरीच कमी करतं.

आणि एक नियम: कॅटायन एक्स्चेंजवर बफरचा आयनही ऋण असावा, जसे फॉस्फेट, अॅसिटेट, फॉर्मेट. ट्रिस वापरू नका. ट्रिस स्वतः धन आहे, तो रेझिनवर जाऊन बसतो आणि पीएच डगमगू लागतो. अॅनायन एक्स्चेंजवर उलट, तिथे ट्रिस चालतो.

फ्रॅक्शन पुढे थेट सुकवायचे असतील तर पोटॅशियम क्लोराइडऐवजी अमोनियम फॉर्मेट घेतात, कारण ते फ्रीझ-ड्रायरमध्ये उडून जातं. पण २१४ नॅनोमीटरवर फॉर्मेट स्वतःच दिसतो, त्यामुळे रेघ चढत जाते. सरावाला क्लोराइडच बरं.

५. नमुना: सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात

माझी गोष्ट सांगते. पहिला रन. बीएसए डायजेस्ट (ट्रिप्सिनने तोडलेलं बीएसए) तयार, आम्ल घातलं, सरळ इंजेक्ट केलं. पहिल्या चार मिनिटांत डोंगराएवढा पीक आणि नंतर पन्नास मिनिटं सपाट रेघ. मी तो पहिला पीक 'कचरा' म्हणून सिंकमध्ये सोडला आणि ग्रेडियंट (मीठ हळूहळू वाढवत नेणं) संपायची वाट बघत बसले. आमच्या सीनियर ताईंनी चहावरून आल्यावर ग्राफ बघितला. "फ्लो-थ्रू ठेवलायस ना?" म्हणजे कॉलमला न चिकटता सरळ बाहेर आलेलं द्रावण. मी नकारार्थी मान हलवली. "मग तुझे सगळे पेप्टाइड आता गटारात पोहोचले असतील," म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

झालं होतं असं: डायजेस्टमध्ये अमोनियम बायकार्बोनेट होतं आणि वरून गुआनिडीन. गुआनिडीन हे धन आयन आहे, आणि डायजेस्टमध्ये ते मोलरच्या मापात होतं. म्हणजे मी मिठाच्या पाण्यातूनच पेप्टाइड घातले होते. कॉलमला धरायला वावच नव्हता. युरियाचं तसं नाही, त्याला चार्ज नाही, त्यामुळे तो बंधनात आड येत नाही. पण युरियाची दुसरी खोड पुढे सांगते.

म्हणून नमुन्याचा क्रम असा ठेवा.

डायजेस्टमध्ये डीटीटी या रसायनाने डायसल्फाइड (गंधकाचे पूल) तोडून आयोडोअॅसिटामाइडने बंद केलेले असू द्या. तसं न केल्यास दोन पेप्टाइड गंधकाच्या पुलाने जोडलेले राहतात. त्यांना दोन एन-टोकं आणि दोन लायसिन-आर्जिनिन, म्हणजे अधिक चार, आणि ते शेवटच्या फ्रॅक्शनमध्ये गोंधळ घालतात. (कुणी मुद्दाम डायसल्फाइडवाले पेप्टाइड शोधत असेल तर हीच गोष्ट उपयोगी पडते. तो वेगळा विषय.)

ट्रिप्सिन थांबवायला फॉर्मिक आम्ल किंवा टीएफए घाला. मग सी-१८ कार्ट्रिजवर डीसॉल्ट करा: आम्लात चढवा, ०.१ टक्के आम्लाच्या पाण्याने भरपूर धुवा, ५० ते ६० टक्के अॅसिटोनायट्राइलने उतरवा. व्हॅक्यूममध्ये सुकवा, पण कुरकुरीत होईपर्यंत नको, नाहीतर काही पेप्टाइड ट्यूबच्या भिंतीवरून उठत नाहीत.

बफर ए मध्ये विरघळवा. एक मायक्रोलिटर पीएच पेपरवर टेकवा. ३ किंवा त्याखाली दिसलं तरच पुढे. १० मिनिटं जोरात सेंट्रिफ्यूज करा आणि फक्त वरचं स्वच्छ द्रावण घ्या. २.१ मिलिमीटर व्यासाच्या कॉलमला सुरुवातीला १०० ते २०० मायक्रोग्रॅम पुरे.

६. कॉलम चालवणं

आधी कॉलमचं आकारमान काढा, कारण सगळे हिशेब त्यावर असतात. २.१ बाय १०० मिलिमीटरच्या कॉलमच्या रिकाम्या नळीचं आतलं आकारमान ०.३५ मिलिलिटर. ४.६ बाय १०० चं १.६६ मिलिलिटर. मिनिटाला ०.२ मिलिलिटर वेगाने लहान कॉलमच्या दहा आकारमानांना साधारण १७ मिनिटं लागतात. 'इक्विलिब्रेट केलं' म्हणजे हे एवढं तरी झालं पाहिजे. पाच मिनिटं बफर सोडून कॉलम तयार झाला असं होत नाही.

क्रम असा: पाण्याने कॉलम धुवा, बफर बी ची दहा आकारमानं, मग बफर ए ची दहा आकारमानं. आधी बी देण्याचं कारण, मागच्या माणसाने काय सोडलंय ते कॉलमवरून उतरवायचं आणि सगळ्या जागांवर पोटॅशियम बसवायचा. यूव्हीची आणि कंडक्टिव्हिटीची रेघ सरळ झाली की नमुन्याशिवाय एक पूर्ण ग्रेडियंट चालवा. हा कोरा रन कंटाळवाणा असतो, पण त्यात दिसणारे पीक तुमचे नाहीत हे आधीच कळलेलं बरं.

मग नमुना. इंजेक्शननंतर दहा मिनिटं फक्त ए. चाळीस मिनिटांत बी शून्यावरून ५० टक्क्यांवर. पुढच्या पाच मिनिटांत १०० टक्क्यांवर, तिथे दहा मिनिटं थांबा. परत ए वर या आणि पुन्हा दहा आकारमानं.

२१४ नॅनोमीटरवर पेप्टाइड बंध दिसतो, म्हणून सगळे पेप्टाइड दिसतात. फक्त २८० वर बसाल तर ट्रिप्टोफॅन किंवा टायरोसिन नसलेले पेप्टाइड डोळ्यांसमोरून निघून जातील आणि तुम्ही म्हणाल काही आलंच नाही. वरच्या पहिल्या पेप्टाइडात दोन्हीही नाहीत.

फ्रॅक्शन दोन-दोन मिनिटांचे घ्या. पहिला थेंबही टाकू नका. फ्लो-थ्रू, धुवण, शेवटचं १०० टक्के बी, सगळं ट्यूबमध्ये, सगळ्यावर नाव आणि तारीख. रिझल्ट हाती येईपर्यंत काहीही फेकायचं नाही, हा आता आमच्या लॅबचा नियम आहे आणि तो कुणामुळे झाला हे मी वर लिहिलंच आहे.

७. मशीन नसेल तर

बऱ्याच कॉलेजांत एचपीएलसी दुसऱ्या विभागाकडे असतो आणि मीठ म्हटलं की ते हात वर करतात. (त्यांचं चुकत नाही, शेवटच्या टप्प्यात का ते येतं.) अशा वेळी सल्फोनेटचं छोटं कार्ट्रिज किंवा टिप घ्या आणि पायरी-पायरीने मीठ वाढवा. ग्रेडियंटइतकं बारीक वेगळं होणार नाही, पण तत्त्व तेच आणि शिकायला उलट जास्त बरं, कारण प्रत्येक पायरी हाताने करावी लागते.

एक मिलिलिटरच्या पायऱ्या ए आणि बी मिसळून बनवा:

२५ मिलिमोलर: बी ५० मायक्रोलिटर, ए ९५०
५० मिलिमोलर: बी १००, ए ९००
७५ मिलिमोलर: बी १५०, ए ८५०
१०० मिलिमोलर: बी २००, ए ८००
१५० मिलिमोलर: बी ३००, ए ७००
२५० मिलिमोलर: बी ५००, ए ५००
५०० मिलिमोलर: नुसता बी

कार्ट्रिजला आधी बी, मग ए, मग नमुना, मग पुन्हा ए, मग पायऱ्या. थेंब थेंब जाऊ द्या. सिरिंजने जोर लावलात तर पेप्टाइडला बसायलाच वेळ मिळत नाही. फ्लो-थ्रू एकदा परत वरून घातलात तरी चालतं. आणि कार्ट्रिज मधेच कोरडं पडू देऊ नका.

८. ग्राफ वाचताना

सगळे अधिक दोनवाले एकाच सुईसारख्या पीकमध्ये येतील अशी अपेक्षा असेल तर निराश व्हाल. ते एका रुंद पट्ट्यात येतात, कारण चार्ज सारखा असला तरी पेप्टाइडची लांबी आणि चार्ज कुठे आहे याने फरक पडतो. साधारणपणे त्याच चार्जचा लांब पेप्टाइड आखूडपेक्षा आधी निघतो. आणि ट्रिप्सिनच्या पेप्टाइडांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अधिक दोनचेच असतात, म्हणून मधल्या काही फ्रॅक्शनमध्ये गर्दी आणि टोकांना शुकशुकाट असं चित्र दिसतं. हा या पद्धतीचा खराखुरा दोष आहे. पेशीतल्या हजारो प्रथिनांचे पेप्टाइड समान वाटून घ्यायचे असतील तर आज बऱ्याच लॅब अल्कली पीएचचं रिव्हर्स फेज (पेप्टाइड पाण्याला किती भितो त्यावर वेगळं करणारी पद्धत) वापरतात आणि मलाही ते पटतं. पण जिथे चार्जच महत्त्वाचा आहे तिथे आयन एक्स्चेंजला तोड नाही. फॉस्फोपेप्टाइडचं, म्हणजे फॉस्फेट गट लागलेल्या पेप्टाइडचं, उदाहरण घ्या. फॉस्फेट गट पीएच २.७ लाही उणे एक असतो, त्यामुळे साधा अधिक दोनवाला फॉस्फेट लागला की अधिक एक होतो आणि गर्दीच्या आधी, सुरुवातीच्या फ्रॅक्शनमध्ये येतो. २००४ च्या सुमारास मानवी पेशींमधले फॉस्फोपेप्टाइड मोठ्या संख्येने शोधले गेले ते याच युक्तीवर.

एकच पेप्टाइड दोन ठिकाणी दिसला तर मास स्पेक्ट्रोमीटरवाल्याला दोष देण्याआधी हे तपासा. बीएसएमध्ये क्यू-टी-ए-एल-व्ही-ई-एल-एल-के नावाचा पेप्टाइड आहे. सुरुवातीला ग्लुटामिन. हे ग्लुटामिन आम्लात किंवा नुसतं ठेवूनही आपल्याच अमिनो गटाशी वळून पायरोग्लुटामेट होतं. एन-टोकाचा धन चार्ज संपतो आणि अधिक दोनचा पेप्टाइड अधिक एक होऊन लवकर निघतो. वस्तुमान १७ ने कमी दिसेल.

आता युरियाची खोड. युरियाचं द्रावण तापवलं किंवा शिळं झालं की त्यात सायनेट तयार होतं आणि ते अमिनो गटांवर बसतं. तिथेही चार्ज जातो, वस्तुमान मात्र ४३ ने वाढतं. युरिया त्याच दिवशी बनवा आणि ३७ अंशांच्या वर नेऊ नका. पेप्टाइड अपेक्षेपेक्षा लवकर निघत असतील, पीएच आणि मीठ दोन्ही ठीक असतील, तर युरियाच्या बाटलीवरची तारीख बघा.

अपेक्षेपेक्षा उशिरा निघत असतील तर बहुधा ट्रिप्सिनने अर्धवट कापलंय, किंवा अॅसिटोनायट्राइल बाटलीतून उडून कमी झालंय. उघड्या झाकणाच्या बाटलीत दोन दिवस ठेवलेल्या बफरवर भरवसा ठेवू नका.

९. फ्रॅक्शनमधलं मीठ काढणं

मास स्पेक्ट्रोमीटरला पोटॅशियम क्लोराइड आणि फॉस्फेट चालत नाही, स्रोतावर पांढरा थर बसतो आणि सिग्नल मरतो. म्हणून प्रत्येक फ्रॅक्शन पुन्हा सी-१८ वर न्यायचा. पण थेट नाही. फ्रॅक्शनमध्ये २५ टक्के अॅसिटोनायट्राइल आहे, आणि त्यात बरेच पेप्टाइड सी-१८ ला चिकटतच नाहीत. आधी कॉन्सन्ट्रेटरमध्ये अॅसिटोनायट्राइल उडवा (पूर्ण सुकवायची गरज नाही, आकारमान निम्म्यावर आलं की झालं), ०.१ टक्के आम्लाने पातळ करा, मग चढवा. ही एक पायरी विसरल्यामुळे आयन एक्स्चेंज नीट होऊनही रिकामे रिझल्ट आलेले मी तीन जणांचे तरी पाहिले आहेत.

कमी पेप्टाइड असलेले शेजारचे फ्रॅक्शन या टप्प्यावर एकत्र केलेत तर मशीनचा वेळ वाचतो.

१०. घरी जाण्याआधी

क्लोराइड आणि आम्ल एकत्र असलं की स्टीलच्या पंपाला गंज लागतो, आणि उभ्या बफरमधून स्फटिक बाहेर पडून पिस्टनचे सील घासले जातात. म्हणूनच ते विभागवाले हात वर करतात. रन संपला की त्याच संध्याकाळी, 'उद्या सकाळी बघू' न म्हणता, पूर्ण यंत्रणा पाण्याने अर्धा तास धुवा. बफर बी वरून एकदम १०० टक्के अॅसिटोनायट्राइलवर जाऊ नका, मीठ नळीतच बसेल आणि दाब वर जाईल. आधी पाणी, मग माहितीपत्रकात सांगितलेलं ठेवणीचं द्रावण. कॉलम काढा, दोन्ही टोकांना बूच लावा आणि खोक्यावर लिहा: तारीख, शेवटचं द्रावण कोणतं, शेवटचा दाब किती, आणि तुमचं नाव. पुढच्या महिन्यात दाब दुप्पट दिसला तर कुणाला विचारायचं हे त्या चिठ्ठीवरून कळतं.